नाव चढल्याचं कार्ड

गिरजावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वावरात मिरचीच्या तोड्यावर उभा होतो. हुडकेश्वरहून तिच्या घरमालकाचा माणूस एसटीनं भिवापूरला आला, तिथून पायी आमच्या बांधावर. "काकाजी, बाई झोपेतच गेल्या," एवढंच म्हणाला. पुढं तेराव्याला तिकडच्या लोकांनी सभा घेतली. एक पुढारी उठले अन् म्हणाले, बिचारीनं जन्मभर त्याग केला. मी चौथी शिकलेला माणूस, सभेत कधी तोंड उघडलं नाही. पण उभा राहिलो. म्हटलं, "बिचारी म्हणू नका साहेब. भांडकुदळ होती ती. अन् होती म्हणूनच तुमच्या गावच्या दोन पोरी नवरा गेल्यावरही कोणाच्या तोंडाकडे न पाहता जगून राहिल्या." पुढारी खाली बसले. तिथं जे सांगायचं राहिलं ते इथं लिहितो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा फौजेत होता. आईबाप आधीच गेलेले, भरती झाला तेव्हा लग्न व्हायचं होतं. त्याच्या पलटणीत शिपायांचा आपसातला एक फंड होता. दर महिन्याला सगळ्यांच्या पगारातून थोडं कापायचं, आणि कोणी मेला तर त्याच्या घरच्यांना त्यातून रक्कम जायची. कोणाच्या हाती द्यायची ते नाव फारमावर लिहून द्यावं लागे. दादानं माझं दिलं. पुढं लग्न झालं, बारा वर्षं संसार झाला, नाव तेच राहिलं. सुटीवर आला की वहिनी आठवण द्यायची आणि हा म्हणायचा, "घरात पाय ठेवला नाही तं मरणाचा कागद काहून काढतं वं?" मग एका हिवाळ्यात पहाडात बर्फावरून गाडी घसरली... लढाई नव्हती, म्हणून कोणी हार घेऊनही आलं नाही. पैसा माझ्या नावानं आला. मी घेतला. विहिरीवर इंजिन बसवलं. चोरी केली नाही, कागदावर नाव माझंच होतं, असं मी पुष्कळ वर्षं छाती ठोकून सांगितलं. वहिनी माझ्याच घरी जेवत होती, आणखी काय पाहिजे? पण नवं लुगडं मागायला ती दारात किती वेळ उभी राहायची, ते मला दिसत होतं. मी बैलांकडे पाहत राहायचो. एक दिवस ती पेटी घेऊन निघाली. "तुमच्या घरी कमी काही नाही भाऊजी. पण मागून नेसणं आता होत नाही."

हुडकेश्वरला तिनं खोली घेतली, शाळेच्या पोरांचे कपडे शिवायला लागली. आणि मग ते काम सुरू केलं. नागपुरात फौजी लोकांच्या कचेरीतून कोरे फारम आणायची आणि आसपासच्या गावात फौजीचं लग्न असलं की बोलावणं असो नसो, जायची. भर मंडपात विधवा, आणि हातात नवरदेवाच्या मरणाचा कागद! नवरदेवानं बायकोचं नाव लिहायचं, एक साक्षीदार त्याच्याकडचा, एक मुलीकडचा. पलटणीत परत गेल्यावर तिथं नाव चढलं की वहिनीला कार्ड टाकायचं. सही होईपर्यंत ती पंगतीत रिकामी पत्रावळ घेऊन बसायची, घास घ्यायची नाही. बाया म्हणायच्या, "आली पाहा यमाची कारकून." ही म्हणायची, "हो न वं, पण मी त्याच्या आधी पोचतो." किती मंडपांतून तिला हाकललं. ती बाहेर बैलगाडीखाली पत्रावळ मांडून बसायची.

माझा पोरगा वसंताही फौजेत गेला. त्याच्या लग्नात ती आली, कागद माझ्यापुढं धरला. वसंतानं भरतीत माझंच नाव दिलं होतं. ते कापून सुनेचं लिहायचं, आणि साक्षीदार म्हणून सही मी करायची!

"आज नाही," मी म्हटलं. "माझ्या मंडपात मरणाची गोष्ट नाही."

"मरणाची नाही भाऊजी. नावाची आहे."

"मी काय सुनेले उपाशी ठेवीन?"

"मलेही उपाशी कुठं ठेवलं होतं तुमी?"

सगळे ऐकत होते. मी पाठ फिरवली. पंगती उठल्या, पत्रावळी गोळा झाल्या, तिची एकटीची कोरी पडून होती. तेवढ्यात नवी नवरी, लता, मुंडावळ्यांसकट उठली आणि वहिनीच्या शेजारी जाऊन बसली. तिच्याहीपुढं पत्रावळ रिकामी. "मामाजी," म्हणाली, "मलेही भूक लागली आहे." व्याही माझ्याकडे पाहत होते. मी सही केली. मोठ्या मनानं नाही, लाजेनं केली. वहिनीनं कागद घडी करून वसंताच्या खिशात घातला आणि दोघींनी थंड वरणभात खाल्ला... मला वाढायला लावून.

त्यानंतर मी इंजिनात घातलेले फंडाचे पैसे जमवून तिच्या खोलीवर गेलो. तिनं हात लावला नाही. "पैसे राहू द्या. माझ्यासंगं फौजींच्या लग्नाले येत जा," म्हणाली. तेव्हापासून मी तिची पिशवी धरत होतो. ज्याला हसायचं तो हसला. अपशकुन म्हणणाऱ्यांना सांगतो, माझा वसंता आजही नोकरीत आहे, ठणठणीत आहे.

तिच्या खोलीत मशीनीच्या वर तार लटकते, तिच्यात आलेली कार्डं ओवलेली आहेत. सगळ्यांवर एकच ओळ, नाव चढलं. वसंताचंही आहे. मागच्या आठवड्यात बेसा गावात एका फौजीचं लग्न होतं. मी पिशवी घेऊन एकटाच गेलो. मुलाचा काका म्हणाला, "बुढाऊ, जेवून घे गा, मग पाहू." मी पत्रावळ मांडून बसून राहिलो. उन्हं कलली तेव्हा सही झाली.

तो नवरदेव पोरगा पलटणीत परत गेला आहे. त्याला पत्ता वहिनीचाच लिहून दिला. घरमालक म्हणतो, खोली कधी रिकामी करता? भाडं मी भरतो आहे, कुलूपही माझंच आहे. त्याला सांगितलं, ते कार्ड येऊ दे. आलं, की पुढचं लग्न जवळच असेल.