निजून बघायचं छत

मुरुडच्या बाजाराशेजारी जुन्या गाड्यांच्या गाद्या शिवणारे एक चाचा आहेत. काम करताना त्यांच्या ओठांत कायम क्लिपा असतात, म्हणून ते भुवयांनी बोलतात. एक भुवई वर गेली तर हो. दोन्ही गेल्या तर गप्प बसा.

आमच्या जुन्या गाडीच्या छताचं कापड लोंबून आईच्या अंबाड्याला टेकायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "आता ही भंगारात." मी हातापाया पडून एक संधी मागितली आणि गाडी चाचांकडे नेली.

त्यांनी नवं कापड दोन दिवस नुसतं वाऱ्यावर टांगून ठेवलं. "खारी हवा खाऊन आधी ढिला होऊ दे. मग ताणायचा. घाई केली तर परत लोंबेल."

पाचव्या दिवशी आईला घेऊन गेलो, तर चाचा मागच्या सीटवर आडवे, पाय दाराबाहेर आणि चक्क घोरत होते.

"अहो, झालं का काम?" आईने आवाज चढवला.

"तपासतोय, भाभी," ते डोळे न उघडता म्हणाले. "छत निजून बघायचा. एक जरी सुरकुती दिसली तरी मला झोप लागत न्हाय."

मग खाली उतरून त्यांनी सीट झटकली. "आता तुम्ही बघा."

आई लाजली, कुरकुरली, शेवटी चपला काढून आत आडवी झाली. जरा वेळाने मी दारातून वाकून विचारलं, "मग काय, भंगारात?"

आतून मंद घोरणं ऐकू आलं. चाचांच्या ओठांत आता एकही क्लिप नव्हती, तरी त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही भुवया वर केल्या.