एक जेवणाआधी, एक जेवणानंतर

माणसाची भूक बंद करता येते, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या थोरल्या जावेच्या बाबतीत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालवणपासून पाऊण तासावरच्या त्या घरात मी लग्न होऊन आले त्याला तीन वर्षं झाली होती. मी मूळची घाटावरची, गावच्या शाळेत शिकवणारी. जावेला मी वैनी म्हणायची. शाळा मी चालवत होते असं म्हणता येणार नाही, पण घर मात्र वैनीच चालवत होती.

वैनी अंगानं भरलेली होती आणि तिचं मासळीवर जिवापाड प्रेम होतं. बांगड्याचं डोकं ती अशी निगुतीनं खायची की शेवटी ताटात काट्यांची एक स्वच्छ रांग उरायची. मला काटे काढायला तिनंच शिकवलं. "घाटीण ती घाटीण," म्हणून हसायची आणि माझ्या ताटातला मासा सोलून द्यायची. दोन वर्षांपासून तिचे गुडघे धरले होते. आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, मासळी कापायला बसली की उठताना तिला स्वयंपाकघराचा लाकडी खांब धरावा लागे. त्या खांबाचा तेवढा एक टप्पा तिच्या तळव्यानं गुळगुळीत झाला होता.

मालवणच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी गोळ्या दिल्या आणि वजन कमी करा म्हणून सांगितलं. चिठ्ठी अर्थातच मी वाचली, कारण घरातली शिकलेली सून मी. "दोन वेळा, जेवणानंतर," मी मोठ्यानं वाचलं आणि चिठ्ठी घडी करून दिली. त्या चिठ्ठीत मला समजलं नाही असं काही असेल, हे तेव्हा माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

त्याच सुमारास वैनीचा भाऊ आखातातून रजेवर आला. अत्तर, साबण, नखं कापायचं यंत्र आणि एक छोटी बाटली. बाटलीत पिवळ्या गोळ्या. तिकडच्या बायका बारीक व्हायला घेतात, एवढंच त्यानं सांगितलं. वैनीनं मला मागच्या पडवीत ओढून नेलं.

"वाचून दाखव गो. पण कोणाक सांगू नको हां. आयेक कळला तर म्हणात, दोन पोरांची आवस आणि हिका बारीक होवचा आसा."

आये म्हणजे आमची सासू. मी बाटलीवरचं इंग्रजी वाचलं: एक गोळी, जेवणाआधी.

"म्हणजे ही जेवच्या आधी, नि गुडघ्याची जेवल्यार," वैनी म्हणाली. "बरा झाला, गोंधळ नाय होवचो."

चौथ्या-पाचव्या दिवशीच तो चमत्कार दिसायला लागला. मी चमत्कार म्हणते, कारण त्या वेळी मला दुसरा शब्द सुचला नव्हता आणि आजही सुचत नाही. तव्यावर सुरमई तळली जात होती, घरभर वास, मी दोनदा आवंढा गिळला, आणि वैनी त्या तव्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघत होती. तिला खावंसं वाटतच नव्हतं. हरभऱ्याएवढी ती पिवळी गोळी, आणि तिनं जन्मभराची भूक अशी पुसून टाकली! मी बाटली उन्हात धरून बघायची, आत काय आहे ते दिसेल म्हणून. काही दिसायचं नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण मी भारावून गेले होते.

महिन्याभरात वैनीच्या बांगड्या सैल झाल्या. ती खांबाला हात न लावता एकदा उठली आणि आम्ही दोघी पोरींसारख्या हसलो. आयेनं विचारलं, काय झाला? आम्ही म्हटलं, काय नाय.

आता आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथंच अडकलं. आधी पुरुष, म्हणजे वैनीचे यजमान ते माझे थोरले भाऊजी नि माझे यजमान, आणि मुलं जेवत. मग आये. मग आम्ही सुना. मी शाळेमुळे सकाळीच पेज जेवून जायची आणि सुटीत असले तर वैनी मला आयेबरोबर बसवायची. "तू बस, मी मागसून बसतंय." सगळी उठली, ताटं उचलली, जेवल्या जागी शेण फिरवलं की वैनी स्वयंपाकघरातून हाक देई, "जेवणा झाली!" ही हाक म्हणजे दुपारचं काम संपल्याची घंटा. ती ऐकली की आये आडवी होई आणि वैनी फळीवरच्या चहाच्या डब्यातून गुडघ्याची गोळी काढून घेई. एक दिवस चुकली नाही. घड्याळ चुकेल, पण वैनी नाही.

ती जवळजवळ काहीच खात नाही हे मला माहीत होतं. ती गोळी जेवणानंतर घ्यायची हेही मला माहीत होतं. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो हा.

मे महिना आला, शाळेला सुटी लागली. वैनीला झोप येईना आणि डोकं ठणकायला लागलं. माझ्या पर्समध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. वर्गात साठ मुलं असलेल्या बाईच्या पर्समध्ये दुसरं काय असणार? मी वैनीला त्यातल्या देत गेले. कधी एक, कधी दिवसात दोन. प्रेमानं दिल्या, हे खरं आहे, आणि त्यानं काही बदलत नाही हेही खरं आहे.

मग पोटात जळजळायला लागलं. ती सोलाचं, म्हणजे कोकमाचं, पाणी करून प्यायची. एक दिवस परसातून येऊन हळूच मला म्हणाली, "परसाकडे काळा होता गो. डांबरासारखा काळा."

"करवंदं खाल्लीत का?"

"धा-पंधरा खाल्लंय परवा."

"मग त्याचंच," मी म्हटलं. बाईंनी निकाल दिला आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताटं उचलून झाली, शेण फिरवून झालं, पण हाक आली नाही. मी आत गेले. वैनी खांबापाशी बसली होती. हात खांबावर होता, त्या गुळगुळीत जागेवरच, पण उठता येत नव्हतं. ओठ पांढरे, कपाळ घामानं थबथबलेलं. "माका दिसना नाय गो," एवढं म्हणाली आणि कलंडली.

पुरुष बंदरावर गेले होते. रस्त्यावर मासळीचा बर्फ नेणारा टेम्पो चालला होता, तो आयेनं भर रस्त्यात उभं राहून थांबवला. चालक ओळखीचा मुसलमान शेजारी. एक शब्द न विचारता त्यानं बर्फाच्या लाद्या एका बाजूला सारल्या, गोणपाट पसरलं, आणि आम्ही वैनीला मधे घेऊन बसलो. मालवणपर्यंत आये तिच्या तळव्यांना तळवे घासत होती.

डॉक्टरांच्या दवाखान्यात दोन खाटा होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली, सलाईन लावलं. मग आमच्याकडे वळले.

"गोळ्या कशा घेत होती?"

"जेवणानंतरच, डॉक्टर," मी म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण आवाजात अभिमान होता. "अगदी न चुकता."

"होय होय," आये म्हणाली. "जेवणा झाली काय घेय. मी रोज आयकलंय."

 आमच्याशी नेहमी डॉक्टर पुस्तकी मराठीत बोलायचे. त्या वेळी मात्र आयेच्या भाषेत त्यांनी विचारलं, "कोणाची जेवणा, आये?"

इतका साधा प्रश्न. आये बोटांवर एकेकाची जेवणं मोजायला लागली. तीन महिने त्या घरात रोज दोन वेळा जेवणं झाली होती. भाऊजींची झाली, मुलांची झाली, आयेची, माझी झाली. वैनीनं सगळ्यांची जेवणं झाल्यावर गोळी घेतली होती. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच. एक जेवणाआधी, एक जेवणानंतर, आणि मधलं जेवण झालंच नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं. पिवळी बाटली, माझ्या पर्समधल्या गोळ्या, करवंदं. आयेसमोर. वैनीला दिलेला शब्द मी मोडला, आणि डोळे मिटलेल्या वैनीच्या डोळ्यातून पाणी आलं, म्हणजे ती ऐकत होती.

मला वाटलं होतं डॉक्टर ओरडतील. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आपलं पोट मासळीचे काटे विरघळवतं. मग ते स्वतःला का विरघळवत नाही, विचार केलाय कधी?" मी नव्हता केला. "आतून एक बुळबुळीत लेप असतो. होडीच्या बुडाक तेल लायतत ना, तसो. ही दुखण्याची गोळी दुखणं कमी करते आणि तो लेपही पातळ करते. पोटात अन्न असलं तर थोडं निभावतं. हिच्या पोटात तीन महिने काही नव्हतं. आणि तुम्ही डोक्याची म्हणून जी दिलीत ती त्याच घराण्यातली. नावं दोन, कूळ एक. म्हणजे दुप्पट झाली. आतून रक्त जातंय. काळं दिसलं ते रक्त होतं, करवंदं नव्हेत."

भूक मारणारी ती बाटली त्यांनी बंद करायला सांगितली. झोप उडणं, डोकं ठणकणं तिचंच, असं म्हणाले. आणि मला म्हणाले, "यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे जा, घरात असतील तेवढ्या गोळ्या आधी त्याच्या टेबलावर ओता. लाज नंतर."

उलटीत रक्त पडलं किंवा नाडी सुधारली नाही तर गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, रक्त चढवावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं. टेम्पोवाला ते ऐकून, लागलं तर आपणच नेऊ म्हणून, बाहेर जाऊन बसला. त्याचा बर्फ फाटकापाशी वितळत होता, पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत गेला होता. मी म्हटलं, तुम्ही जा, बर्फ जाईल. तो म्हणाला, "बर्फ काय, उद्या परत मिळतलो. तुमी आत जावा."

तो दिवस मावळेपर्यंत मी वैनीच्या मनगटावर बोट ठेवून बसले होते. इतकी वर्षं मी मुलांना शरीराची आकृती फळ्यावर काढून दाखवत होते. हे जठर, हे आतडं, पट्टीनं बाण मारून नावं. आणि इथं माझ्या बोटाखाली ते प्रत्यक्ष चाललं होतं, कुणी न शिकवता, कुणी न सांगता. आतला तो लेप पुन्हा धरत होता की नाही, हे बघण्याची सोय नव्हती. मी देवाला फारसं काही मागत नाही. त्या दिवशी मी एका पोटाला हात जोडले.

संध्याकाळी नाडी जाग्यावर आली. गोव्याला जावं लागलं नाही. टेम्पोवाला तेव्हाच घरी गेला.

सहाव्या दिवशी आम्ही वैनीला आणायला गेलो. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. पोटातली जखम पूर्ण भरून येईपर्यंत दुखणं फार झालं तरच घ्यायला डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिली, दिवसात किती आणि त्यापुढे एकही नाही, हे मला दोनदा म्हणायला लावलं. चिठ्ठीवर त्यांनी सवयीनं "जेवणानंतर" लिहिलं, मग तो शब्द खोडला आणि दुसरं काहीतरी लिहिलं.

"काय लिवल्यान?" आयेनं विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं.

"ती स्वतः जेवल्यावर," मी वाचलं.

आये घरी पोचेपर्यंत ती चिठ्ठी मुठीत धरून बसली. मला वाटलं, बाटलीचा राग आहे, आता बाहेर पडेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी, माझे यजमान, मुलं, सगळे हातपाय धुऊन आले तर स्वयंपाकघरात खांबापाशी एकच पाट मांडलेला. पाटासमोर एकच ताट, मऊ भात आणि वर तूप. ते आयेनं स्वतः वाढलं होतं. गेल्या दहा वर्षांत तिनं कुणाला वाढलेलं मी ऐकलं नव्हतं.

"ये गो," तिनं वैनीला हाक मारली.

वैनी दारातच थबकली. "पुरुषांची जेवणा जावक नाय अजून."

"रवतले."

पुरुष खरंच राहिले. ओल्या हातांनी दाराशी उभे, काय करावं न कळून. वैनी पाटावर बसली. भाताला हात लावला आणि थांबली. सगळे बघताहेत, आणि आपण एकटीच जेवतोय, हे तिला सोसवेना.

"आये, माका असा एकटीक जेवक येणा नाय."

"मगे शिक," आये म्हणाली, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली.

वैनी जेवली. एकेक घास, मान खाली घालून, रडत. मी खांबाला टेकून बघत होते. त्या घरात मी कितीतरी सणवार पाहिले, नैवेद्य पाहिले, पण कुणाला जेवताना बघून हात जोडावेसे तेवढे एकदाच वाटले. शेवटचा घास संपेपर्यंत आये हलली नाही. मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली आणि वैनी रोज देई तशी तिनं हाक दिली. फक्त शब्द बदलले होते.

"हिचा जेवण झाला! आता बाकीच्यांनी बसा."

वैनी खांब धरून उठली. आयेनं विचारलं, "दुखता?" वैनीनं खोटं बोलायचा प्रयत्न केला, मग मान हलवली.

"मगे हिची गोळी हाड गो," आये मला म्हणाली.

मी गोळी आणली.