प्रभावतीबाईंचा गट

शामराव गेल्यावर वर्षभर प्रभावतीबाईंनी पत्त्यांना हात लावला नाही. मग एका रविवारी दुपारी त्या जयपुरातल्या सोडाल्याच्या घरातून निघाल्या, ई-रिक्षा केली आणि क्लबाच्या हॉलच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आत टेबलं मांडून झाली होती. चेहरे सगळे ओळखीचे. त्यांनी माना हलवल्या, एकदोघांनी हात जोडले. ‘या, बसा’ असं कुणी म्हटलं नाही. ब्रिजमध्ये एकट्या माणसाला बसा म्हणता येत नाही. समोर कुणीतरी असावं लागतं.

दर महिन्याची स्पर्धा माथुर चालवायचे. निवृत्त प्राध्यापक, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

“भाभीजी! बड़े दिनों बाद. पार्टनर कौन है?”

“वही तो पूछने आई हूँ.”

माथुरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हॉलभर पाहिलं. मग पुन्हा उतरवला.

“मुझे सी ग्रुप में डाल दीजिए,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “नए लोगों में.”

माथुर हसले. तिथे डाव सगळ्यांना सारखेच, पण क्रमांक तीन गटांत लागायचे. जिंकत जाल तसे नावावर गुण साठत जातात. भरपूर गुणांचे ते ए, मधले बी, नवखे सी. जोडीतल्या दोघांचे गुण वेगवेगळे असले तर ज्याचे जास्त, त्याच्या गटात जोडी जाते. नवशिक्यांना नवशिक्यांमध्येच बक्षीस मिळावं, मुरलेल्यांनी आडून येऊन ते नेऊ नये, एवढाच हेतू. नियम चांगला होता. प्रभावतीबाईंनाही तो आजवर चांगलाच वाटत आला होता.

“आप सी में? ए के आधे लोगों से ज़्यादा पॉइंट हैं आपके.”

“वो तो इनके हैं.”

“दोनों को बराबर मिलते हैं. और पॉइंट घटते नहीं, भाभीजी. उमर की तरह.”

त्यांनी विनोद केला होता. प्रभावतीबाई हसल्याही.

खरी गोष्ट हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. शामराव रेल्वेत, सिग्नल खात्यात. नागपूरच्या अजनीहून जयपूरला आले तेव्हा रेल्वे कॉलनीत ब्रिज खेळणारे बरेच होते, पण पार्टनर जरा जमला की त्याची बदली व्हायची. एकजण कोट्याला गेला, एकजण थेट गुवाहाटीला. शेवटी वैतागून ते बायकोला म्हणाले, “तुझी तं काही बदली होत नाही. चल, बस समोर.” तिला पत्ते शिकवले आणि सोबत स्वतःची एक पद्धतही शिकवली. ब्रिजमध्ये आधी हुकमासाठी बोली लागते, आणि जिंकलेल्या जोडीतला जो त्या रंगाचं नाव आधी घेतो तो डाव खेळतो. त्याचा पार्टनर आपले पत्ते टेबलावर उघडे मांडतो आणि गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. शामरावांची पद्धत अशी की प्रभावतीबाईंकडे बदाम असले तर त्यांनी चौकट बोलायचं; मग बदाम शामराव बोलतील. इस्पिक असलं तर बदाम बोलायचं. इस्पिक शामराव बोलतील. असं काही थोडंफार इतरही जोड्या करतात, पण ठरावीक वेळी. शामरावांनी ते सगळीकडे लावलं. डाव नेहमी त्यांच्या हातात गेला पाहिजे. तो गेला की ते जिंकायचे, आणि जिंकले की दोघांच्या नावावर सारखेच गुण पडायचे.

बाई वर्षानुवर्षं पत्ते मांडून बसल्या. चार रंग, चार ओळी, नीट. त्यांना त्याचा राग येत नव्हता असं नाही. पण तो कधी करायचा हे कळलं नाही, आणि मग ज्याच्यावर करायचा तो माणूसच राहिला नाही.

आता ए गटातलं कुणी त्यांना घेणार नव्हतं. भिंतीशी बसलेल्या एका गृहस्थांनी शेजारच्याला हळू सांगितलं, पण तितकंसं हळू नाही: “शामरावजी की डमी.” आणि सी गटातल्या कुणी घेतलं तर तो बिचारा त्यांच्यापायी ए मध्ये ओढला जाणार. वर जागा नव्हती आणि खाली जाता येत नव्हतं.

त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. मुलीचा, मयूरीचा, फोन आला. “हो, आली क्लबात. नाही, नुसती बसून आहे. तू जेवली का?” फोन ठेवला तर समोर एक मुलगी उभी. पाठीला लॅपटॉपची सॅक, केस वर बांधलेले.

“काकू, तुम्ही मराठी?”

“मंग काय तर. नागपूरची. तू?”

“सांगली. मैथिली. सीतापुऱ्याला कंपनीत आहे.”

“बाप्पा! इतक्या दूर काय करून राहिली?”

“आई पण हेच विचारते.” ती शेजारी बसली. ब्रिज मोबाइलवर शिकलेली. ऑफिसातला अभिजित तिचा पार्टनर, तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. “मी सी मध्ये आहे. म्हणजे तिथंही तळाला. माझ्यासमोर बसता?”

“माझ्यासोबत बसशील तं वरच्या गटात जाशील. मार खाशील.”

“बिनपगारी प्रमोशन! सवय आहे काकू.”

माथुरांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, सोच लो बेटा. तिने सोच लिया म्हणून सांगितलं.

पहिल्याच डावात ते झालं. मैथिलीने किलवर बोललं. प्रभावतीबाईंच्या हातात बदामांची लांब रांग होती, एक्का-राजासकट, आणि चौकटची दोन फालतू पानं. त्यांनी बोलीच्या पेटीतून चौकटचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. विचार करून नाही. हात गेला आणि कार्ड घेऊन आला. समोर शामराव असते तर त्यांनी बदाम बोललं असतं. समोर मैथिली होती. तिला काकूंकडे चौकट आहे असं वाटलं, तिच्याकडेही चौकट होती, तिने आनंदाने तीन चौकट बोललं.

अजूनही सावरता आलं असतं. बदामाचं कार्ड स्वतः काढायचं, एवढंच. प्रभावतीबाईंनी पेटीकडे पाहिलं. ते कार्ड तिथे होतं, लाल. बोट तिथवर गेलं आणि थांबलं. त्यांनी पास म्हटलं.

चौकटचं नाव आधी त्यांनी घेतलं होतं, म्हणून डाव त्यांचा. मैथिलीने पत्ते मांडले आणि काकूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हॉलमध्ये डाव प्रभावतीबाईंच्या हातात आला, आणि हुकमाची त्यांच्याकडे दोन फालतू पानं. चार हात कमी पडले. विरुद्ध जोडीतल्या बाईंनी सहानुभूतीने ओठ मिटले.

“सॉरी काकू, मी काही चुकले का?”

“नाही गं. तू बरोबर बोलली. मी दुसऱ्याच कोणाशी बोलत होती.”

मैथिलीला समजलं की नाही कोण जाणे. तिने पुढच्या डावाचे पत्ते उचलले.

नंतरचे डाव कसेबसे गेले. चहानंतर पुन्हा तसाच हात आला, या वेळी बदाम थोडे कमी. मैथिलीने पुन्हा किलवर बोललं. प्रभावतीबाई इतका वेळ थांबल्या की डावीकडच्या माणसाने घड्याळ पाहिलं. मग त्यांनी बदामाचं कार्ड काढलं. बोलता बोलता चार बदाम झालं, म्हणजे तेरापैकी दहा हात करायचे, आणि डाव त्यांचा झाला.

डाव खेळणारा आपले पत्तेही खेळतो आणि डमीचेही. समोर माणूस असतो, पण त्याने एक अक्षर बोलायचं नाही असा नियम. चूक दिसली तरी नाही. प्रभावतीबाईंना मैथिलीचे हात दिसत होते, मांडीवर ठेवलेले, हलत नसलेले. त्यांना वाटलं, इथून सगळंच फार लांब दिसतं. शामराव दर वेळी इथे बसायचे, आणि घरी येऊन जेवायला मागायचे. त्यांनी कधी सांगितलं नाही. किंवा सांगण्यासारखं काही नसेलच. त्यांना हे आवडत असेल. आता ते विचारायची सोय नव्हती. इस्पिकची राणी कुणाकडे आहे हे ठरवायचं होतं. त्यांनी उजवीकडे धरली. ती उजवीकडेच निघाली, आणि दहा हात पुरे झाले.

“काकू!” मैथिली टेबलावर वाकून म्हणाली, “भारी!”

संध्याकाळी निकाल लागला. ए गटात त्या दोघी शेवटून दुसऱ्या. मैथिली फळ्यासमोर उभी राहून शेजारचे आकडे बघत होती. तिने बोलायला नको होतं, पण ती तरुण होती.

“आपण सी मध्ये असतो ना, तर दुसरं बक्षीस होतं.”

“हो का?”

“म्हणजे, असू दे. मजा आली.”

“पुढच्या महिन्यात अभिजित येते का?”

“हो, तो असेल. पण तुम्ही…”

“त्याच्यासोबत बस. तुमचा गट तो. जिंकून ये, मंग माझ्याकडे जेवायला ये.”

मैथिलीच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ती लपवायला तिला थोडा उशीर झाला. प्रभावतीबाईंनी तोवर पर्समध्ये चष्म्याची डबी शोधायला घेतली होती.

निघताना त्या माथुरांकडे गेल्या. “मुझे स्टँडबाय में रखिए. किसी का पार्टनर न आए, तो.”

“किसी के भी साथ? सामने वाला कैसा निकले, पता नहीं.”

“हाँ. किसी के भी.”

पुढच्या महिन्यात हॉलच्या कोपऱ्यात एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवलेली होती. मैथिली आणि अभिजित दाराजवळच्या टेबलावर कशावरून तरी भांडत होते. तिने लांबूनच हात केला. वेळ होत आली. जोड्या पुऱ्या झाल्यासारख्या वाटत होत्या. प्रभावतीबाई परत जायच्या विचाराने उठल्या, तेवढ्यात माथुर एका उंच, वाकलेल्या माणसाला घेऊन आले. तो चाकसूहून बसने आला होता. त्याच्या पार्टनरने ऐनवेळी नाही म्हणून कळवलं होतं.

त्या माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. खुर्ची ओढली आणि ब्रिजवाले अनोळखी पार्टनरला बोलीच्या पद्धतीबद्दल जे पहिलं विचारतात ते विचारलं.

“कौन-सा सिस्टम खेलती हैं आप?”

हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तो नेहमी शामरावांना विचारला जायचा, आणि त्या शेजारी उभ्या असायच्या.

“सीधा,” त्या म्हणाल्या. “जो हाथ में है, वही बोलती हूँ.”

“ठीक है.”

त्याने पत्ते उचलले. त्यांनीही उचलले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत बोलीच्या कार्डांपलीकडे दोघांत एकही शब्द झाला नाही.