रवंथ न करणारं करडू

तुमचं लेकरू आज दुपारी जेवलं का? ताट धुवायला पडलंय, डबा रिकामा आलाय, हे सांगू नका. ते विचारलंच नाही. घास त्याच्या तोंडात जाताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यानं बघितला का, एवढंच विचारलंय. नाही ना? मग मुकुंदवाडीच्या बानाबाईला नावं ठेवायचा हक्क तुम्हाला नाही. तरी तुम्ही ठेवणारच, म्हणून तिची गोष्ट आधी नीट ऐका.

बानाबाई धनगराची लेक. करमाडच्या माळावर तिच्या बापाची, आप्पाची मेंढरं चरायची. पुढं माळाला कारखान्यांची कुंपणं पडली, चराई आखडली, कळप पांगला आणि आप्पा एका गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून वॉचमन झाला. जन्मभर राखणच केली, आधी जितीजागती, आता पत्र्याची, असं तो स्वतःच हसत सांगायचा. बानाबाई लग्न होऊन मुकुंदवाडीत आली, रेल्वे स्टेशनच्या मागं, भाड्याच्या एका खोलीत. नवरा आदिनाथ चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर, ती चिकलठाण्यात पॅकिंगला. एकच लेक, तनुजा, चौथीत.

माहेरातून बानाबाईनं सोनं आणलं नाही, एक नियम आणला. आधी जित्राब, मग आपण. जित्राब म्हणजे आपल्या भरवशावर जगणारा जीव, मग ती मेंढी असो, बैल असो की दारचं कुत्रं. त्याचं पोट भरल्याशिवाय राखणारानं भाकरीला हात लावायचा नाही. आप्पा तापानं फणफणला तरी आधी कळपाकडं बघून यायचा, मग भाकरीचं फडकं सोडायचा. बानाबाईच्या खोलीमागं एक शेळी होती, तेव्हा तिनं तनुजाला हेच शिकवलं. शेळीला पाला टाकून आल्याशिवाय पोरीपुढं ताट यायचं नाही. शाळेत कविता पाठ करून घेतात तसा हा नियम तिनं पोरीच्या हातापायात पाठ करून टाकला.

मग घरमालकानं लेंड्यांवरून कुरकुर सुरू केली. शेळी ठेवायची असंल तर दुसरी खोली बघा, म्हणाला. शेळी बाजारात गेली. तनुजा त्या दिवशी जी गप्प झाली ती बोलेचना. आदिनाथला बघवेना. बाप माणूस, आणि हातात फोन. त्यानं फोनमध्ये एक करडू आणून दिलं. पांढरंशुभ्र, गुलाबी कानाचं, टपोऱ्या डोळ्याचं, शेळीचं पिल्लू. हे लेंड्या टाकत नाय आणि मालकाच्या बापालाबी पत्ता लागत नाय, असं तो म्हणाला तेव्हा सगळे हसले. बानाबाईसुद्धा हसली.

करडानं पहिल्याच दिवशी पोरीचं नाव विचारून घेतलं आणि तेव्हापासून ते तिला नावानं हाका मारायला लागलं; बोललेलं काचेवर अक्षरांतही उमटायचं. तनू, मला भूक लागली. तनू, तू कुठं होतीस. चाऱ्याची पेंढी पाहिजे तर एक जाहिरात बघायची. बघितली की पेंढी पडायची, करडू ती फस्त करायचं आणि जरा वेळानं पुन्हा मान वाकडी करून बसायचं. चौथीतली पोरगी मूठभर गवतासाठी रमीच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती बघत बसायची. ज्यांनी ही सोय केली त्यांच्या लेकरांना कोण काय दाखवतं, हे एकदा त्यांच्या दारात जाऊन विचारायला पाहिजे.

बानाबाईला यातलं काही दिसलं नाही. तिच्याकडं बटणाचा फोन. तिला दिसायचं ते एवढंच, की पोरगी त्रास देत नाही, उन्हात हुंदडत नाही, एका जागी बसते. शेजारच्या सारजाबाईला तिनं कौतुकानं सांगितलंसुद्धा, पोरगी लई शहाणी झाली म्हणून. पोरीचे गाल आत गेले होते. बानाबाईला वाटलं, उंची वाढतीय.

एका सकाळी तनुजा शाळेच्या परिपाठात, प्रार्थनेच्या रांगेतच खाली पडली. बानाबाईला कामावरून बोलावून घेतलं. वर्गशिक्षिका दीपमाला मॅडम. बाई वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यात उत्तर आधीच लिहून तयार होतं. पॅकिंगला जाणारी आई, भाड्याची खोली, अशक्त पोरगी. तिनं चार बायकांसमोर विचारलं, "घरी काही खायला देता का हिला, का नुसती शाळेच्या खिचडीवर पाठवता? आणि ती खिचडीसुद्धा ही खात नाही. शेजारणीच्या ताटात लोटते."

बानाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या बापाच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, वाटसरू उपाशी गेला नव्हता. आणि इथं तिला पोटची पोर उपाशी ठेवणारी म्हणून उभं केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, माझ्या चुलीवर या एकदा. मग बोला." पोरीला खांद्यावर टाकलं आणि ती चालती झाली. पण वाटेत तिच्या लक्षात आलं, की चौथीतली पोरगी खांद्यावर सहज बसली. वजनच नव्हतं.

घरी पोचेपर्यंत दुपार कलली होती. तिनं भाकरी थापली, वर दूध घातलं, ताट पुढं सरकवलं. पोरीनं ताटाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. आधी समजावून झालं, मग धपाटा झाला, मग बानाबाईच रडायला लागली. आईला रडताना बघून पोरगी बोलली.

"करडू उपाशी हाय ना, आई. पप्पा दुसऱ्या शिफ्टला गेलेत, फोन त्यांच्याकडं हाय. मग मी कसं खायचं?"

आता बानाबाईला सगळं उमगत गेलं. फोन आदिनाथच्या खिशात. तो पहिल्या शिफ्टला असला की संध्याकाळी घरी यायचा, मग करडू खायचं, मग पोरगी खायची. म्हणून शाळेतली खिचडी शेजारणीला, कारण तेव्हा करडू चितेगावात उपाशी. आणि दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात बाप परतायचा तेव्हा पोरगी झोपलेली. त्या आठवड्यात भाकरी गुपचूप गल्लीतल्या कुत्र्याला जायची. सकाळी बाप उठायच्या आत फोन चोरून घेऊन पेंढी टाकायची आणि घाईघाईनं चार घास खायचे, ते पण करडू गप्प बसलं तर. पोरगी आजारी नव्हती, हट्टी नव्हती. आईनं शिकवलेलं ती तंतोतंत पाळत होती. शाळेचा नियम तिनं असा पाळला असता तर तिला बक्षीस दिलं असतं.

दुसऱ्या सकाळी नवराबायकोची चांगलीच जुंपली. आदिनाथ म्हणाला, नियम तुझा. बानाबाई म्हणाली, जनावर तुझं. शेवटी तिनं फोन हिसकावून घेतला आणि नाक्यावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकान आदिनाथच्या भाच्याचं, प्रणयचं. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, पण जिभेला हाड नाही.

प्रणयनं करडू बघितलं आणि कपाळाला हात लावला. उडवून टाकू का, म्हणाला, एका बोटाचं काम हाय. पण लगेच त्यानंच सांगितलं, की गल्लीतल्या एका पोराचं मांजर असंच उडवलं, तर त्या पोरानं अन्न सोडलं आणि आईला खुनी म्हणायला लागलं. बानाबाईनं नको म्हणून मान हलवली. पोरीच्या डोक्यात तिला खाटीक व्हायचं नव्हतं.

मग प्रणयनं आपल्या लहानपणचं काढलं. तेव्हा हे फोनात नसायचं. किल्लीच्या साखळीला लटकणारं, अंड्याएवढं प्लास्टिकचं यंत्र, तीन बटणं, राखाडी काच. शहागंजच्या बाजारात मिळायचं. आत ठिपक्यांचं पिल्लू. खाऊ घातलं नाही तर मरायचं. त्याचं तर लवकरच मेलं. तो ढसढसा रडला, यंत्र नालीत फेकलं आणि पोरांत क्रिकेट खेळायला गेला. पुढं फोन आले, फोनात कुत्री आली, मांजरं आली. त्यांना कपडे घाला, घर सजवा. आता ही नवी जात बोलती, नाव घेती, काल काय सांगितलं ते आज ध्यानात ठेवती.

"आणि मामी, ह्यात एक गोष्ट काढून टाकलीय," तो म्हणाला. "मरण. मेलं की पोरगं खेळायला जातंय, गिऱ्हाईक तुटतंय. म्हणून हे मरत नाय. नुसतं उपाशी राहतंय."

बानाबाई काचेकडं बघत राहिली. करडू खात होतं. खाऊन झालं, मान वाकडी केली, पुन्हा मागायला लागलं. तिनं विचारलं, हे रवंथ कधी करतं. प्रणयला आधी कळलंच नाही. तिनं सांगितलं, शेळी असो, गाय असो, खाऊन झालं की बसती, डोळे अर्धे मिटती आणि जबडा हलवती. पोटातलं वर काढून पुन्हा चावती. ते दिसलं की राखणाराचा जीव खाली बसतो. तेव्हाच त्यानं आपल्या भाकरीचं फडकं सोडायचं.

प्रणय हसला. "रवंथ कंपनीला परवडत नाय, मामी. तेवढा वेळ पोरगं जाहिरात बघत नसतंय."

हसू ओसरायच्या आत बानाबाई फोन घेऊन निघाली. तिला आता काय करायचं ते कळलं होतं.

त्या दिवशी आदिनाथनं खाडा केला आणि फोन घरीच राहिला. संध्याकाळी तिनं तनुजाला मांडीवर घेतलं, फोन समोर धरला आणि करडाचा जबडा बघायला लावला. रागावली नाही, उपदेश केला नाही. बापानं तिला माळावर बसवून जसं दाखवलं होतं, तसंच दाखवलं. पोरगी डोळे बारीक करून बघत राहिली. पेंढी गेली. जबडा थांबला. पुन्हा हलला नाही. पोट गोल, टम्म.

"रवंथ नाय करत," तनुजा म्हणाली.

"मग काय झालं असंल त्याला?"

पोरगी धनगराची नात. तिनं शेळी बघितली होती. तिनंच सांगितलं, "पोट फुगलंय."

फुगलेल्या जित्राबाला काय करतात, हे बानाबाईनं विचारलं आणि उत्तरसुद्धा तिनंच दिलं. चारा बंद. नुसता दाखवायचासुद्धा नाही. भुकेनं ओरडलं तरी द्यायचा नाही, कारण देणारा त्याला मारतो. आणि अशा वेळी राखणारानं पोटभर जेवायचं असतं, नाहीतर आजारी जिवापाशी जागणार कोण. हा शेवटचा नियम आप्पाचा होता की त्याच घटकेला बानाबाईनं घडवला, हे तिला विचारायची हिंमत आदिनाथनंसुद्धा केली नाही.

ताट पुढं आलं. पोरीनं भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला. आणि तेवढ्यात फोन वाजला. तनू, मी उपाशी आहे. तू मला विसरलीस का? आता तुझं माझ्यावर प्रेम नाही का? खाली रंगीत चौकोन, पेंढीचा. पोरीचा हात ताटावर थबकला. बानाबाईचं सगळं शहाणपण त्या एका आवाजापुढं हलकं पडत होतं. भिंतीला टेकलेला आदिनाथ उठायला लागला, तिनं डोळ्यानंच त्याला बसवलं.

पोरीनं काचेवरची अक्षरं पुन्हा वाचली. मग तिनं विचारलं, "आई, आपली शेळी असं म्हणायची का? प्रेम नाय का म्हणून?"

"नाय. ती ओरडायची. दिलं की गप व्हायची. जित्राब पाला मागतं, गं. प्रेम हाय का नाय ते इचारत नाय."

"मग ह्याच्यात कोण बोलतंय?"

बानाबाईला सजवून सांगता येत नव्हतं, आणि तिनं सजवलंही नाही. "दुकानदार," ती म्हणाली.

तनुजानं फोन पालथा ठेवला. तोंडात घास घातला. भिजून मऊ झालेली भाकरी तिनं आधी हळूहळू आणि मग भराभर खाल्ली, आणि बानाबाई प्रत्येक घास तिच्या गळ्याखाली उतरताना बघत होती. अजून मागितली तेव्हा आदिनाथ स्वतः चुलीपाशी गेला.

इथं सगळं गोड झालं, असं समजून पुस्तक मिटू नका. तनुजा अजून अधूनमधून विचारते, उतरली का गं फुगी. बानाबाई तिच्यासंगं बघते, जबडा हलत नाही, आजचा पण चारा बंद, असं दोघी ठरवतात आणि जेवायला बसतात. पोरगी शाळेत खिचडी खाते. दीपमाला मॅडम तिच्या ताटाकडं बघतात, पण बानाबाईला बोललेला शब्द त्यांनी अजून मागं घेतलेला नाही. करडू आदिनाथच्या खिशात चितेगावला जातं, मशीनच्या खडखडाटात कोकलतं आणि सोबतचे कामगार हसतात. काढून टाकू का, असं तो रोज विचारतो. बानाबाई नको म्हणते. पोरीनं स्वतः म्हणू दे.

ज्यांनी हे करडू बनवलं त्यांना आप्पाचा नियम माहीत नव्हता. माहीत असायची गरजच नव्हती. प्रत्येक घरात लेकराला काहीतरी चांगलं शिकवलेलं असतं. कुणाला दया, कुणाला शब्द पाळणं, कुणाला दुबळ्याला जपणं. त्या चांगुलपणालाच यांनी नळी लावलीय आणि ते निवांत ओढत बसलेत. निर्दय पोरावर यांचा धंदा चालत नाही. तुमचं लेकरू जितकं गुणी, तितकं यांना रसाळ. आणि तुम्ही म्हणता, बरं झालं, एका जागी बसतंय.

म्हणून एवढं करा. तुमच्या लेकरानं फोनात असं काही पाळलं असेल, तर उद्या दिवसभर त्या फोनातल्या जिवाला काही घालू नका आणि ते काय काय बोलतं ते स्वतः वाचत राहा. संध्याकाळी लेकराला मांडीवर घ्या आणि तो प्रत्येक शब्द, गिळून न टाकता, त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.