एका तबकडीतलं लग्न

सर्बियातल्या नेगोतिन गावात एकोणीस वर्षं लग्नाचा कॅमेरा म्हटला की मिलुतिनच. तिथे एकही पाहुणा गाळून चालत नाही. व्हिएन्नाला कामाला गेलेले नातलग सहा-सहा तास बसून कोण आलं, कोण नाचलं ते बघतात. शिवाय लग्न दोन तबकड्यांत तोडलं तर संसार तुटतो, असं आयाबाया म्हणत. म्हणून मिलुतिन सगळे तास एकाच डीव्हीडीत दाबून बसवी. बसलेली माणसं बरी दिसत. पण नाचाचा फेर सुरू झाला की चेहऱ्यांच्या चौकोनी ठिकऱ्या होत.

मग गावात विदोसाव हा नवा कॅमेरावाला आला आणि लग्नाच्या तीन-तीन तबकड्या देऊ लागला. मिलुतिनने एक मागून आणली. फेर भरात होता, तरी नवरीच्या गळ्यातलं एकेक नाणं वेगळं दिसत होतं. त्याचा जळफळाट झाला. "लग्नाचे तुकडे करतो मेला!" असं तो गावभर सांगत सुटला. पण संसार कुणाचाच मोडला नाही.

भाचीचं, झोरित्साचं, लग्न ठरलं. हे काम तरी आपलंच, असं तो धरून चालला होता. बहीण ल्युबिंका भेटायला आली.

"दादा, या वेळी तू मामा म्हणून मिरव. कॅमेरा विदोसावकडे."

"पोरीच्या संसाराचे तीन तुकडे?"

"चालतील म्हणते ती. माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात नाचताना माझं नाक गेलं, ते तुझ्या तबकडीत मला अजून सापडलेलं नाही!"

लग्नात मिलुतिन नवा कोट घालून बसला. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. विदोसाव येता-जाता म्हणे, "उस्ताद, हसा की!"

दोन आठवड्यांनी, रविवारचं जेवण झाल्यावर, ल्युबिंकाकडे सगळे तबकड्या बघायला बसले. चित्र काचेसारखं स्वच्छ. फेरात, बहिणीने ओढून आणलेला, तिच्याशेजारी मिलुतिन. नजर नवरीकडे नाही, थेट कॅमेऱ्याकडे. ओठ आवळलेले, कपाळावरची एकेक आठी मोजता येईल अशी. फेर सात वेळा समोरून गेला आणि सातही वेळा तोच चेहरा. सगळे पडद्यावरून त्याच्याकडे वळून बघू लागले.

"दादा," ल्युबिंका म्हणाली, "दाढ दुखत होती का रे?"

"हो. फार."

तिने पेल्यात राकिया, घरची कडक दारू, ओतून त्याच्या हातात दिली. "धर दाढेवर."

घोट गालात धरून तो लग्नाचा पुढचा भाग बघत राहिला. गिळला असता, तर काहीतरी बोलावं लागलं असतं.