पडद्यामागच्या बाईचं नाव

बुऱ्हाणपूरच्या एका टॉकीजवाल्याने माझ्या मोठ्या बहिणीला फसवलं. तिकीट पूर्ण पिक्चरचं दिलं आणि पिक्चर अपुरा दाखवला. तो म्हणतो, पूर्ण दाखवला. मी केळीचा व्यापारी आहे. घडाची शेवटची फणी कापून घेतली तर उरलेल्याला मी पूर्ण घड म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर त्याला सोडत नाही.

एका गाजलेल्या संगीत नाटकावर काढलेला हा पिक्चर. मराठी पिक्चर आमच्याकडे क्वचित येतात. हा एका दुपारपुरता आला होता. ताई शाहपूरला असते, तिला मी स्वतः गाडीतून घेऊन आलो. मला एका जागी बसवत नाही. त्यात त्या दिवशी माझे ट्रक वाटेत अडकलेले, खिशात फोन सारखा थरथरतोय. मी उठायचो, बाहेर जाऊन कुणाला तरी झापायचो, परत येऊन बसायचो.

"बूड टेकव की रे," ताई म्हणाली. "खुर्चीत खिळे आहेत का?"

हेच नाटक पूर्वी आमच्या गल्लीतली मराठी मंडळी गणपतीत करायची. नायिका व्हायचे एक मास्तर. नऊवारीत देखणे दिसायचे, पण गळा फाटका. म्हणून पदं ताई गायची. पडद्यामागे, पेटीवाल्याशेजारी उभी राहून. मास्तर नुसते ओठ हलवायचे. गा, पण लोकांना दिसू नकोस, एवढीच वडिलांची परवानगी. 'वन्स मोअर' आला की मास्तर वाकून नमस्कार करायचे आणि ताई पुन्हा गायची. शेवटी माइकवरून सगळ्यांची नावं घेत, पेटीवाल्याचंसुद्धा. तिचं कधीच नाही.

पिक्चरमध्ये नायिकेचं ते मोठं पद संपलं आणि मागच्या रांगेतली म्हातारी मंडळी सवयीने ओरडली, "वन्स मोअर!" पिक्चर आपला पुढे निघून गेला. पोरं खो खो हसली. ताई हसली नाही.

"ही नटी गात नाहीये," ती माझ्या कानाशी म्हणाली. "तान चाललीय आणि ही मध्येच श्वास घेतेय. मागून दुसरीच कुणीतरी गातेय."

"मग?"

"तिचं नाव शेवटी पडद्यावर येतं ना? ते बघूनच उठू."

मी फोन बंद केला. पाय मात्र हलतच राहिले.

पिक्चर संपला, नावं वर सरकू लागली. लोक उठून दाराकडे निघाले. ताई चष्मा पुसून नीट बसली. नटांची नावं गेली, कपडे शिवणाऱ्यांची, तोंडं रंगवणाऱ्यांची गेली. गाणाऱ्यांची यायच्या आत दिवे लागले आणि पडदा पांढरा झाला. झाडूवाले आत शिरले.

मी मॅनेजरला गाठलं. "मशीन परत लाव."

"सेठजी, पिक्चर तो खतम हो गई. नावं कोण बघतं?"

"ही बघते. ही बसलीय ना!"

"मोबाईल पे देख लो. नाहीतर तिकिटाचे पैसे घ्या वापस."

"पैसे ठेव तुझ्या खिशात! मोबाईलवर तर मी तुझी कुंडलीसुद्धा काढीन. तिला ते नाव इथं बघायचंय. या पडद्यावर, मोठ्या अक्षरात."

"अगला शो है, सेठजी."

सौद्यात मी सहसा हरत नाही. तिथं हरलो, कारण ताईच माझी बाही ओढायला लागली. "चल रे. तमाशा नको." ती पायऱ्या उतरली आणि शाहपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. नाव तिने मला मोबाईलवर शोधू दिलं नाही.

मॅनेजर नोकर माणूस, त्याला हुकूम वरून असणार. म्हणून मी टॉकीजच्या मालकालाच विचारतो. एका बाईचं नाव पडद्यावर यायचं होतं आणि दुसरी ते वाचायला बसली होती. मधे दिवे लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? मला सांगू नका. शाहपूरला या, ताईसमोर बसा आणि तिला उत्तर द्या.