रिकामी नळी घालून पाहणारा

तार आली तेव्हा मी मधुकरशी भांडायलाच अमरावतीला निघालो होतो. पिशवी दारात ठेवलेली, डबा बांधलेला, आणि काय काय सुनवायचं याची मनात उजळणी चाललेली. मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतली जागा त्यानं परस्पर नाकारल्याचं मला आदल्या दिवशी कळलं होतं. त्या जागेसाठी शब्द टाकला होता मी. नाही म्हटलं त्यानं, आणि तेही मला न विचारता. तारेत एवढंच होतं की मधुकर सकाळी गेला, हृदयविकार. मी तीच पिशवी घेऊन बसमध्ये बसलो. मूर्तिजापूर आलं तरी माझा राग उतरला नव्हता. आज महिना उलटून गेला... खरं सांगायचं तर अजूनही पुरता उतरलेला नाही.

नागपूरला एम.एस्सी.ला असताना आम्ही एका खोलीत राहायचो. तो पदार्थविज्ञानाचा, मी रसायनाचा. त्याचं घर अंजनगाव सुर्जीकडे, वडिलांचा पानमळा. पुढे तो अमरावतीच्या एका कॉलेजात लागला आणि मी अकोल्याच्या. त्याच सुमारास कुठल्याशा विज्ञानपत्रिकेत त्यानं इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सबद्दल वाचलं, आणि त्या दिवसापासून आमच्या कुणाच्याच कानांना सुटका राहिली नाही. परतवाड्याला एका लग्नात, भर पंगतीत, त्यानं मला ते समजावून सांगितलं होतं. जिलबी वाढणारा ताट घेऊन खोळंबला होता. इलेक्ट्रॉन म्हणजे स्वतःभोवती गिरकी घेणारा बारीकसा चुंबक. त्याला मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात धरलं की त्याला उभं राहायला दोनच तऱ्हा उरतात, क्षेत्राच्या बाजूनं किंवा उलट. मग बरोबर त्या दोहोंतल्या अंतराएवढ्या ऊर्जेच्या रेडिओलहरी सोडल्या, की तो त्या गिळतो आणि उलटतो. लहरी गिळल्या गेल्या, की पडद्यावरच्या रेषेत खळगा पडतो. मी म्हटलं, मग सगळ्याच पदार्थांत खळगे पडायला हवेत, इलेक्ट्रॉन कुठं नसतात?

"अबे, जोडीनं असते ते एकमेकाचं चुंबकत्व मारून टाकतेत," तो म्हणाला. "जो एकटा असते ना, तोच ओ देते."

रसायनक्रियेत क्षणभर जन्मणारे अर्धवट रेणू, क्ष-किरणांनी स्फटिकात झालेली मोडतोड, खनिजात दडलेलं मँगनीज... जिथं एकटा इलेक्ट्रॉन, तिथं हे तंत्र त्याला हुडकून काढतं. रसायनवाल्याला याहून हवंय काय? मीही गळाला लागलो, आणि पुढची काही वर्षं त्याच्यापायी माझं डोकं पिकलं.

परदेशी यंत्र मिळणं शक्यच नव्हतं. त्यानं तांब्याच्या तारेची दोन मोठी वेटोळी स्वतः गुंडाळली, त्यांच्यामधे चुंबकक्षेत्र तयार केलं, जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह काढून लहरी सोडणारं यंत्र जुळवलं, आणि कॉलेजचा एकुलता एक ऑसिलोस्कोप, म्हणजे रेषा उमटवणारा तो पडदा, आपल्या प्रयोगाच्या खोलीत नेऊन बसवला. नमुना म्हणून लागणारी डीपीपीएच नावाची जांभळट-काळी भुकटी मी खटपटी करून मुंबईहून मागवून दिली. तिच्यात एकट्या इलेक्ट्रॉनांची रेलचेल असते. एका रविवारी पडद्यावर खळगा दिसला. मी स्वतः पाहिला. प्राचार्यांना घरून बोलावून आणलं, कुणीतरी पेढे आणले. पेढा माझ्या तोंडात होता, आणि या गृहस्थानं भुकटीची नळी काढून तिच्या जागी रिकामी नळी घातली. खळगा तसाच! म्हणजे तो यंत्राचाच काहीतरी खोडसाळपणा होता. हे त्याला दुसऱ्या दिवशी, आम्ही गेल्यावर, पाहता आलं नसतं? प्राचार्य हातातला पेढा खाली ठेवून निघून गेले, आणि मधुकर मात्र, आता निदान चूक कुठं आहे ते कळेल, म्हणून खुशीत!

खरा खळगा दिसायला आणखी बरेच महिने लागले. रिकामी नळी घातली की तो नाहीसा व्हायचा. लहरींची वारंवारता वाढवली की तेवढ्याच प्रमाणात जास्त क्षेत्राकडे सरकायचा. तेव्हा कुठे त्यानं मान डोलावली. पेढे या खेपेला कुणी आणले नाहीत.

नंतर तेलाचं प्रकरण. यंत्राची नजर वाढवायची तर जबरदस्त चुंबक हवा होता. अकोल्याच्या एका तेलगिरणीचे मालक, आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो, तो घेऊन द्यायला तयार झाले. तेल खवट होताना असेच एकट्या इलेक्ट्रॉनचे रेणू तयार होतात, असं मी त्यांच्या कानावर घालून ठेवलं होतं. शेठजी मुद्दाम अमरावतीला आले, यंत्र निरखून पाहिलं, आणि विचारलं की यात सरकीचं तेल घातलं तर खवट कोणतं ते कळेल का. मधुकर सरळ म्हणाला, "शेठजी, तसे रेणू होतेत हे खरं. पण इतके थोडे, का माह्या यंत्राले दिसत नाईत. मोठा चुंबक आनला तरी दिसतीनच असं मी सांगू शकत नाई. तोवर तुमचं नाकच बरं." शेठजी हसले, चहा प्यायले आणि गेले ते गेलेच. त्यांची गाडी वळल्यावर मी मधुकरला विचारलं, की नुसतं 'पाहू' म्हणायला तुझं काय जात होतं?

"मी 'पाहू' म्हनलं असतं," तो म्हणाला, "तर त्यायनं 'दिसते' असं ऐकलं असतं."

दिवाळीपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षात तरी आलं होतं की नाही, कोण जाणे.

मुंबईच्या नकाराचं कारण मला तेराव्याला सुमनवहिनींकडून कळलं. तिथलं यंत्र परदेशातून तयार आलेलं होतं. तयार यंत्रापुढं बसून मी काय करू, ते कुठं खोटं बोलते हे मले कसं कळन, असं तो त्यांना म्हणाला होता. मग वहिनी म्हणाल्या, की दोनेक महिन्यांपासून त्याच्या छातीत जळजळायचं. पित्त आहे म्हणून सोडा प्यायचा. डॉक्टरकडं चला म्हटलं, की रागवायचा. समोर दिसणाऱ्या खळग्यावर ज्यानं कधी विश्वास ठेवला नाही, त्यानं स्वतःचं दुखणं पित्त म्हणून ठरवून टाकलं, एकदाही न तपासता...

परवा प्राचार्यांचा निरोप आला, म्हणून पुन्हा गेलो. ते यंत्र जुळवता येणारं आता दुसरं कुणी नाही. मुलांना एकदा तरी चालवून दाखवा, म्हणाले. खोलीच्या दाराबाहेर, चौकटीवर, एक खिळा आहे. चुंबकानं बिघडू नये म्हणून मधुकर आत जाताना मनगटावरचं घड्याळ काढून त्याला अडकवायचा, आणि मग आत त्याला काळवेळ राहायची नाही. जेवण, तास, आलेला पाहुणा, सगळं बाहेर ताटकळायचं. मीही घड्याळ काढून खिळ्याला अडकवलं. खळगा लवकर सापडेना. सापडला तेव्हा मुलांना म्हटलं, थांबा, अजून झालं नाही, आणि भुकटीची नळी काढून रिकामी घातली. रेषा सरळ झाली. कुणीतरी मागून विचारलं, सर, पुन्हा एकदा करून दाखवता? पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा.

बाहेर येऊन घड्याळ पाहिलं, तर अकोल्याची शेवटची बस निघून गेली होती. चिडायला समोर कोणी नव्हतं. घड्याळ मनगटावर बांधलं, आणि वहिनींकडे मुक्काम करायला निघालो.